कपाळावरची पिसं

नलिनीबाई घाडीगावकर कुणालाही भेटल्या की आधी कपाळ बघतात, चेहरा मागाहून. चारकोपच्या त्यांच्या सोसायटीतल्या बायकांना हे इतकं सवयीचं झालं आहे, की जिन्यात नलूताई समोरून दिसल्या की हात आपोआप केसांकडे जातो. नवीन राहायला आलेल्या एकीला वाटलं, इथं नमस्कार करायची हीच पद्धत असेल. तीही बिचारी रोज कपाळाला हात लावू लागली.

केस जिथून सुरू होतात तिथं काही बारीक, आखूड, कुणाचंही न ऐकणारे केस असतात. वेणी घाला, अंबाडा बांधा, ते कशातच येत नाहीत. नलिनीबाई त्यांना ‘पिसं’ म्हणतात. हा शब्द मरोळचा. तिथल्या एका औषधाच्या कारखान्यात, गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायच्या विभागात, त्या आधी कामगार होत्या आणि मग सुपरवायझर. डोक्याला पांढरी टोपी, टोपीला घट्ट इलॅस्टिक, आणि टोपीबाहेर एकही केस नाही, असा नियम. कामाची पाळी सुरू होताना त्या दाराशी उभ्या राहत आणि एकेकीचं कपाळ तपासून आत सोडत. “पिसं आत!” एवढंच म्हणत. एकदा गिऱ्हाइकाला खोक्यात केस सापडला. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून तो कागदावर ठेवून दाखवला. आखूड, बारीक, भुरकट. कपाळावरचाच. त्या दिवशी विभागात कुणी डबा उघडला नाही. पुढं नलिनीबाईंनी पुष्कळ दुःखं पाहिली, पण तो केस त्या विसरल्या नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी आल्यावर त्यांनी बऱ्याच वर्षांनी आरशात निवांत पाहिलं. कपाळाच्या कडेला पिसं नव्हती. एकही नव्हतं. ओढून बांधलेले, इलॅस्टिकखाली दबलेले केस वर्षानुवर्षं गुपचूप निघून गेले होते आणि कपाळ दोन बोटं मागं सरकलं होतं. ज्यांच्याशी आयुष्यभर भांडल्या, ते न सांगता सोडून गेले होते.

नलिनीबाई डगमगल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या आधी उठू लागल्या. न्हाणीघराची कडी लावायची, काजळाच्या डबीत बोट बुडवायचं आणि गेलेल्या केसांची जागा भरून काढायची. रेघ सरळ, एकसारखी, सुपरवायझरला शोभेल अशी. हे जगात कुणालाही ठाऊक नाही, अशी त्यांची खात्री होती. नवरा गुणाजी एकदाच म्हणाला होता, “गो, एका माणसाच्या डोळ्यांक इतक्या काजळ लागता?” आणि उत्तराची वाट न बघता त्यानं पेपर उघडला होता.

वेळ रिकामा झाला तशी त्यांनी सोसायटीतल्या बायका जमवून मंगळागौरीच्या खेळांचा संघ काढला. उपनगरांत श्रावणात अशा संघांच्या स्पर्धा लागतात. नऊवारी, नथ, अंबाड्यावर गजरा, आणि मग झिम्मा, फुगडी, पिंगा. बाकीच्या संघांना गाण्याची काळजी असे. घाडीगावकरबाईंच्या संघाला कपाळाची.

त्या वर्षी बोरिवलीच्या मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदाच निवड झाली, आणि नेमकी तेव्हाच घरातली सून बिघडली. म्हणजे मानसी धडधाकट होती. बाळंतपणानंतर तिचे केस मूठमूठ गळले होते, ते आता परत उगवत होते. छोटा निहार आठ महिन्यांचा झाला होता आणि आईच्या कपाळावर कानापासून कानापर्यंत कोवळ्या गवतासारखी पिसंच पिसं उभी राहिली होती.

“बरं झालं ना, केस परत येतायत,” खालच्या मजल्यावरची जान्हवी म्हणाली. तीही संघातली, तोंडानं फटकळ.

“यायचे तर नीट यावेत,” नलिनीबाई म्हणाल्या. “मानसी, हे असं घेऊन तू स्टेजवर पुढं उभी राहणार?”

“मागं उभी राहते मग.”

“मागं कशी? सासू-सुनेच्या खेळात सून तूच आहेस.”

“मग सुनेच्या कपाळावर केस असतात असं समजतील लोक,” मानसी म्हणाली. तरी जरा वेळानं ती आरशासमोर जाऊन उभी राहिली. आठ महिन्यांत ती घराबाहेर पडली होती ती फक्त निहारच्या लशींसाठी. या स्पर्धेची ती नुसती वाट बघत नव्हती, दिवस मोजत होती.

मग उपाय सुरू झाले. पाणी लावून पाहिलं, ते सुकेपर्यंतच टिकलं. खोबरेल लावलं, कपाळ देवघरातल्या समईसारखं चमकायला लागलं. काळ्या पिना टोचल्या, पिनांच्या मधून पिसं डोकावली. जवस उकळून त्याचा बुळबुळीत रस जुन्या टूथब्रशनं लावला. मानसीचा नवरा यज्ञेश तोच ब्रश उचलून दात घासायला निघाला, म्हणून तो उपाय बंद पडला.

उत्तर सापडलं ते स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर. मानसीच्या बाळंतपणातल्या लाडवांचा डिंक उरला होता. नलिनीबाईंनी तो रात्रभर पाण्यात भिजत घातला. सकाळी त्याची छान चिकट खळ झाली.

“काय गो, कपाळाक खळ लावतंस? पतंग चिकटवचो आसा?” गुणाजीनं विचारलं.

“तुम्ही पेपर वाचा.”

डिंक लावून वाळवल्यावर मानसीला पंख्याखाली बसवलं आणि पंखा पाचावर केला. खिडकीचे पडदे उडाले, गुणाजीचा पेपर उडाला, पिसं हलली नाहीत. कपाळ रंगवून काढल्यासारखं दिसत होतं.

“आई, माझ्या भुवया वर होत नाहीत.”

“सुनेला भुवया कशाला वर करायच्यात?”

जान्हवीनं बोटानं टकटक करून पाहिलं. “झकास! नलूताई, एक नंबर!”

नलिनीबाईंनी वाऱ्याची परीक्षा घेतली. घामाची घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्याला कारण होतं. औषधांचा तो विभाग बारा महिने थंडगार ठेवलेला असे. आपल्या सगळ्या कारकिर्दीत त्यांनी घाम आलेलं कपाळ तपासलेलंच नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी त्यांनी संघातल्या सगळ्या बायकांना रांगेत उभं करून टूथब्रशनं डिंक लावला. त्यासाठी नवा ब्रश आणला होता. मग त्या एकट्याच मेकअपच्या खोलीत गेल्या, कडी लावली, आणि स्वतःच्या काजळाच्या रेघेवरूनही एक हात फिरवला. आज रेघ जागची हलायला नको होती. समोर सगळं सभागृह असणार, चारकोपच्या अर्ध्या बायका असणार. जिची ओळखच कपाळ, तिचं कपाळ काजळाचं आहे हे कळलं, तर उद्या जिन्यात कुणाकडे बघायचं?

पहिल्या झिम्म्यापर्यंत संघ चित्रातल्यासारखा दिसत होता. सभागृह खचाखच भरलेलं, वर तापलेले दिवे, आणि नऊवारीचा भार. पिंग्याला घाम फुटला. डिंक ओला झाला आणि त्याला आपला मूळ स्वभाव आठवला. तो चिकटायला लागला. पिसं सुटली ती साधी सुटली नाहीत, दोन-दोन चार-चार एकत्र चिकटून काट्यांसारखी उभी राहिली. गजऱ्यातल्या पाकळ्या उडून कपाळावर बसल्या आणि तिथंच राहिल्या.

“वाट लागली,” जान्हवी गिरकी घेता घेता म्हणाली.

फुगडीला नलिनीबाई आणि मानसी समोरासमोर आल्या. हात गुंफले, फेरा सुरू झाला.

“पिसं वर आली गं तुझी,” नलिनीबाई दातांतल्या दातांत पुटपुटल्या.

“आणि तुमचं काजळ खाली आलंय.”

नलिनीबाईंचा पाय चुकला. मानसीनं हात घट्ट धरून ठेवले म्हणून त्या पडल्या नाहीत. काळा ओघळ भुवईपर्यंत पोचलेला त्यांना आता जाणवला. हात मोकळा असता तर त्यांनी कपाळ झाकलं असतं. पण फुगडी संपली तसा लगेच सासू-सुनेचा खेळ लागला आणि स्टेजच्या मधोमध त्या दोघीच उरल्या. खेळ असा, की सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू एकेक काम पुढं करते.

नलिनीबाईंना पुढचं वाक्य आठवेना. त्या ओघळ लपवायला मान खाली घालून उभ्या होत्या. एवढ्यात मानसीनं कमरेला खोचलेला आपला पदर सोडला, पुढं झाली आणि सासूचं कपाळ खसाखसा पुसून काढलं.

“दळण माझ्या वाट्याला, कांडण माझ्या वाट्याला,” ती खणखणीत आवाजात म्हणाली, “आणि घाम मात्र सासूबाईंना?”

सभागृह हसलं. पण कपाळ आता उघडं पडलं होतं, दोन बोटं मागं सरकलेलं, दिव्याखाली लखलखीत. ते नीट कुणी पाहायच्या आत मानसीनं सासूचा पदर ओढून तिच्या डोक्यावर घातला, पार भुवयांपर्यंत.

“व्याही येतायत तुमचे! डोक्यावर पदर घ्या, काही रीतभात?”

सुनेनं सासूला डोक्यावर पदर घ्यायला लावलेला पाहून बायका अशा हसल्या, की पुढची दोन वाक्यं कुणाला ऐकूच गेली नाहीत. ती नलिनीबाईंची होती आणि त्यांना आठवत नव्हती, त्यामुळं काही बिघडलं नाही.

बक्षीस मिळालं. पहिलं नाही, ‘सर्वांत नैसर्गिक’ संघासाठी ठेवलेलं खास. परीक्षक एक वयस्कर बाई होत्या. त्या माईकवर म्हणाल्या, “हल्ली सगळे संघ इतके चापूनचोपून येतात, की खेळल्यासारखे दिसतच नाहीत. या मैत्रिणींची कपाळं बघा. केस विस्कटलेत, फुलं सांडलीत. इतकी नैसर्गिक मंगळागौर मी फार दिवसांनी पाहिली. आणि संघप्रमुखांचं विशेष कौतुक, त्यांनी बायकांवर कसलीच शिस्त लादली नाही.”

डोक्यावरचा पदर सावरत नलिनीबाईंनी ढाल घेतली. जान्हवीला टाळ्या वाजवता येईनात, इतकं हसू येत होतं.

घरी आल्यावर डिंक सोडवायचा कार्यक्रम झाला. नलिनीबाई न्हाणीघरात पाटावर बसल्या आणि मानसी कोमट पाणी घालत होती. दार उघडंच होतं. कडी लावायचं कुणाला सुचलं नव्हतं.

“तुला कधीपासून ठाऊक?”

“लग्नानंतर पहिला आठवडा.”

“यांनी सांगितलं?”

“उशीचे अभ्रे कोण धुतं आई, या घरात?”

नलिनीबाईंनी डोकं आणखी पुढं वाकवलं. पाणी काळं, मग करडं, मग स्वच्छ झालं.

“बोलली नाहीस कधी.”

“तुम्ही माझ्या पिसांबद्दल बोलत होतात ना. दोघींनी बोलून कसं चालेल?”

बाहेर गुणाजीनं निहारला मांडीवर घेऊन ढाल दाखवली. ढालीवर ‘नैसर्गिक’ असं सोनेरी अक्षरांत कोरलं होतं. गुणाजीनं तो शब्द मोठ्यानं वाचला आणि उगाचच खोकला.

पुढच्या रविवारी कांदिवलीत संघाचा कार्यक्रम होता. सकाळी मानसी निहारला भरवत असताना नलिनीबाई काजळाची डबी घेऊन तिच्यापुढं येऊन बसल्या. न्हाणीघरात नाही, हॉलमध्ये, उजेडाला.

“माझा हात थरथरतो हल्ली,” त्या म्हणाल्या. त्यांचा हात अजिबात थरथरत नव्हता. “तू काढ.”

मानसीनं हात पुसले आणि कपाळाची कड भरली. सरळ, एकसारखी, सासूला आवडते तशी. नलिनीबाईंनी आरसा हातात घेतला, मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. मग सुपरवायझरच्या आवाजात म्हणाल्या,

“फार चापूनचोपून झालंय. दोन-चार पिसं काढ ना गं. उडती.”