खालच्या पायरीवरचा डाव

मल्लेश्वरममध्ये अंबुबाईंच्या घरी नवरात्र जवळ आलं की ट्रंका, खोकी आणि फळ्यांची ओढाताण सुरू होई. ते सगळं रचून पाच पायऱ्या करायच्या, वर धुतलेलं धोतर अंथरायचं आणि गोंबे बसवायचे. गोंबे म्हणजे बाहुल्या. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या या मराठी घरानं सण इथला घेतला, तो नावासकट घेतला.

आदल्या वर्षी सासूबाई गेल्या, म्हणून गोंबे पेटीतच राहिले होते. सासूबाईच सांगायच्या, "लागोपाठ दोन वर्षं पेटीत राहिले तर ते रुसतात. मग पुन्हा बसवू नयेत." अंबुबाईंच्या आईनं लग्नात दिलेली रक्तचंदनाची राजाराणी त्याच पेटीत होती. यंदा गोंबे बसायलाच हवे होते.

चार पायऱ्या उभ्या राहिल्या. पाचवी, सगळ्यांत खालची, म्हणजे दिवाणखान्यातला रुंद चौरंग. पायऱ्या विषमच हव्यात, चार चालत नाहीत. आणि त्या चौरंगावर अंबुबाईंच्या यजमानांचा, नरसिंहरावांचा, डाव मांडलेला होता.

नरसिंहराव एका कंपनीत हेडक्लार्क. त्यांचा इंग्रज साहेब विलायतेला परतताना त्यांना एक खेळ देऊन गेला. चौकटींचा बोर्ड, लाकडी अक्षरं, ती जुळवून इंग्रजी शब्द करायचे. जेवढं अक्षर अडचणीचं तेवढे गुण जास्त. तेव्हापासून या माणसाचं घरातलं लक्ष उडालं. जेवताना मध्येच विचारायचे, "अगं, झॅक्स म्हणजे काय, सांग."

"मला काय ठाऊक?"

"छपराच्या दगडी पाट्या कापायचं हत्यार!"

"आपलं छप्पर गळतंय. त्याला लागत असेल तर आणा एक."

खेळायला जोडीदार शेजारचे नागनाथ. बेळगावकडचे, पोस्टात नोकरीला, आणि हट्टाला नरसिंहरावांच्या तोडीस तोड. रविवारी नरसिंहरावांनी 'ऑक्स्टर' असा शब्द लावला. नागनाथ उसळले.

"असला शब्दच नाही!"

"आहे. ऑक्स्टर म्हणजे काख. स्कॉटलंडात म्हणतात. लायब्ररीतल्या मोठ्या डिक्शनरीत मी स्वतः पाहिलाय."

"मग दाखवा. तोवर बोर्ड हलवायचा नाही, ठरलंय आपलं."

ते खरंच ठरलं होतं. एकदा मांजरानं बोर्ड उधळला, तेव्हा दोघे बरेच दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. नरसिंहराव तडक लायब्ररीत गेले, तर डिक्शनरी बांधणीला गेलेली. बायंडरकडे गेले, तर तो म्हणाला, "नाळे बा." उद्या या. दुसऱ्या दिवशी गेले, तरी "नाळे बा".

घटस्थापनेची सकाळ उजाडली. संध्याकाळी गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला येणार होत्या.

"अहो, चौरंग द्या," अंबुबाई म्हणाल्या.

"स्वल्प थांब. उद्या डिक्शनरी येतेय."

"तुमचा उद्या कधी येत नाही! काखेला काख म्हणायला काय होतं तुम्हाला? त्या काखेपायी माझी राजाराणी पेटीत ठेवू का?"

"बोर्ड हलला तर नागनाथ म्हणतील, मी मुद्दाम हलवला."

"सरी," अंबुबाई म्हणाल्या. म्हणजे बरं, एवढंच. चिडल्या की त्यांचं बोलणं आखूड होई.

नरसिंहराव ऑफिसला गेले. अंबुबाईंनी बोर्डाला बोटही न लावता चौरंगाच्या कडेकडेनं धोतराची घडी सारली. राजाराणी सगळ्यांत वर बसली. मधल्या पायऱ्यांवर दशावतार, वाजंत्री, पालखी. खालच्या पायरीवर दरवर्षी शेट्टी आणि शेट्टम्मा धान्याचं दुकान मांडून बसत. यंदा ढेरपोट्या शेट्टीला त्यांनी बोर्डाच्या एका अंगाला बसवलं आणि शेट्टम्माला दुसऱ्या. तांदूळ-डाळीच्या चिमुकल्या राशी मात्र बोर्डाच्या मोकळ्या चौकटींत ओतल्या.

संध्याकाळी नागनाथांची बायको चंपा आली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अंबक्का, हा शेट्टी तर अगदी आमच्या ह्यांच्यासारखा! आणि शेट्टम्मा रुसलीय ती कुणावर?"

"शेट्टम्मा नव्हे गं ती. ते आमचे आहेत, लुगडं नेसून."

बायका हसून हसून बेजार झाल्या.

डिक्शनरी दोन दिवसांनी आली. दोघे मिळून लायब्ररीत गेले आणि गळ्यात गळे घालून परतले. ऑक्स्टर सापडला होता.

"मानलं, नरसिंहराव! चला, डाव पुढे चालू."

"चालू कसा?" अंबुबाई प्रसादाच्या उसळीचं, गुग्गरीचं पातेलं खाली ठेवत म्हणाल्या. "बसवलेले गोंबे दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत."

"अगं, नुसता शेट्टी जरा बाजूला..."

"बोर्ड हलवायचा नाही, हा तुमचा नियम. मी पाळला. गोंबे हलवायचे नाहीत, हा माझा."

नागनाथांनी नरसिंहरावांकडे पाहिलं. नरसिंहरावांनी छताकडे पाहिलं.

मग रोज संध्याकाळी आरती झाली की नागनाथ हरभऱ्याची गुग्गरी खात त्या पायऱ्यांसमोर बसू लागले. चंपाला वाटलं, नवऱ्याला भक्ती सुचली. पण ते शेट्टीच्या खांद्यावरून बोर्डाकडे टक लावून पाहत असत.

दसऱ्याच्या रात्री अंबुबाईंनी राजाराणीला रीतीप्रमाणे आडवं निजवलं. दुसऱ्या दिवशी एकेक गोंबा पुसून कापसात ठेवला. शेवटी तांदूळ-डाळ वेचली. अक्षरं होती तिथंच होती. चहा होण्यापूर्वीच नागनाथ हजर झाले आणि त्यांनी आपली अक्षरं एका दमात मांडली. क्वॅगा! कधीच नामशेष झालेलं, अर्ध्या अंगावर पट्टे असलेलं जनावर. इतके दिवस समोर बसून त्यांनी ते बरोबर शोधून ठेवलं होतं. थोड्याच वेळात डाव त्यांच्याकडे गेला.

"तुझ्या गोंब्यांनी हरवलं मला," नरसिंहराव कुरकुरले. "तो माणूस रोज इथं बसून विचार करत होता!"

"तुम्हीही बसायचं होतंत. गुग्गरी तुम्हालाही वाढली होती."

पुढच्या वर्षी महालय अमावास्येला अंबुबाई ट्रंका ओढायला दिवाणखान्यात आल्या, तर चौरंग रिकामा, ओल्या फडक्यानं पुसलेला होता. डावाचा डबा फडताळात, सगळ्यांत वरच्या कप्प्यात होता. नरसिंहराव पेपरामागे तोंड लपवून बसले होते.

"डाव संपला वाटतं?" अंबुबाईंनी विचारलं.

"मोडला," पेपरामागून उत्तर आलं. "नागनाथांना विचार करायला वेळ मिळता कामा नये."