वरच्या गल्लीची किल्ली

संस्था चालवणारी आम्ही तीन माणसं. ताई मूळच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स, नोकरी सोडून त्यांनीच ही संस्था काढली. चाचा एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आले. मी शाळेत शिकवत होते, मुख्याध्यापकांशी पटेना म्हणून बाहेर पडले. तुमचं काम काय, असं कुणी विचारलं की माझी अजूनही पंचाईत होते. कुणी बंधारे बांधतं, कुणी चष्मे वाटतं. आम्ही एकमेकांशी बोलणं टाकलेल्या माणसांना बोलतं करतो. पुण्याहून येणारे पाहुणे त्याला विश्वासनिर्मिती म्हणतात आणि तसा फलकही लावायला सांगतात. चाचा मिटवामिटवी म्हणायचे. मला त्यांचाच शब्द बरा वाटायचा, कारण त्यात फुशारकी नव्हती.

ज्या गावाबद्दल सांगतेय ते सास्तूरच्या अंगाला आहे. भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं, एकासारख्या एक घरांच्या ओळी. जुन्या गावाला वेस होती आणि पोळ्याला कुणाचे बैल आधी वेशीतून जायचे, हे पिढ्यांपासून ठरलेलं होतं. नवं गाव बांधणाऱ्या साहेबांनी रस्ते दिले, खांब दिले, वेस काही दिली नाही. मग पहिला मान मोजायचा कुठून? वरची गल्ली म्हणायची मारुतीपासून, खालची म्हणायची पाण्याच्या टाकीपासून. दरवर्षी शिवीगाळ व्हायची. एका वर्षी काठ्या निघाल्या आणि खालच्या गल्लीतल्या एका तरण्या माणसाचा डोळा गेला. केस झाली, सगळे सुटले. त्यानंतर दोन गल्ल्यांमध्ये लग्नाचं आवतण नाही, मयतीला खांदा नाही.

ताईंनी तिथं जे केलं ते मला आधी शुद्ध येडेपणा वाटलं होतं. दोन्ही गल्ल्यांना बोअर आणि मोटार संस्थेनं मिळवून दिली, पण एका अटीवर. वरच्या गल्लीच्या मोटारखोलीची किल्ली खालच्या गल्लीतल्या एका घरी राहणार आणि खालच्या गल्लीची वरच्या गल्लीत. ज्याला पाणी सोडायचंय त्यानं सकाळी दुसऱ्याच्या दारात जाऊन तोंडानं म्हणायचं, किल्ली द्या. ठेवणाऱ्यानं ती स्वतःच्या हातानं द्यायची आणि पाणी सोडून झालं की परत घ्यायची. आपण होऊन नेऊन द्यायची नाही, उंबऱ्यावर ठेवायची नाही, लेकराच्या हाती पाठवायची नाही. मागायची सवय लागली की बाकीचं आपोआप होतं, असं ताईंचं म्हणणं. पाण्याची नड अशी होती की दोन्हीकडच्यांनी नाक मुरडत का होईना, मान डोलावली.

वरच्या गल्लीची किल्ली ताईंनी मुद्दाम त्या डोळा गेलेल्या माणसाच्या आईकडे दिली. आम्ही तिला मावशी म्हणायचो. उन्हानं रापलेली, बोलायला तुटक बाई. मुलगा म्हणाला, "किल्ली घरात राहूंद्या, पर म्या तिला हात लावणार न्हाय. ज्येनी माझा डोळा काढला त्येंच्या पाण्याचं मला काय बी सांगू नका." मावशीनं एकच विचारलं, "कुलपाला दोन-तीन किल्ल्या असत्यात. बाकीच्या कुठं हायत?"

ताई सगळ्यांना घेऊन जुन्या गावात गेल्या. तिथं आता दगडांचे ढीग आणि बाभळी, एक आड मात्र अजून शाबूत आहे. दोन्ही गल्ल्यांच्या देखत ताईंनी उरलेल्या किल्ल्या त्या आडात टाकल्या. मावशीच्या हातावर राहिलेली किल्ली ठेवून म्हणाल्या, "आता ही एकच. वरच्या गल्लीचं पाणी तुमच्या हातात." मावशीनं ती कमरेच्या पिशवीत टाकली आणि पिशवीची दोरी दोनदा ओढली. मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

आणि ते चाललं. वरच्या गल्लीत पाणी सोडायचं काम एका अण्णाकडे होतं, घरी कानडी बोलणारा शांत माणूस. पहिले काही महिने तो रस्त्यावर उभा राहून नुसता खोकायचा. मग "किल्ली द्या" म्हणायला लागला. मग "बरं हाय का, मावशी" आलं. एकदा पावसात भिजून आला तर मावशीनं त्याला ओसरीवर घेतलं आणि चहा दिला. मुलगा उठून मागच्या दारानं निघून गेला, पण चहा झाला. ती बातमी चाचांनी ऑफिसात अशी सांगितली की आम्ही दोघींनीही कामं टाकून परत परत ऐकली.

मावशीची एकुलती लेक भूमला दिली होती. ती बरेच दिवस आजारी होती. ज्वारी काढायच्या दिवसांत एका पहाटे जावयाचा निरोप आला, लवकर निघा. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालं तरी धाराशिवला गाडी बदलून भूम गाठायला दुपार होते. मावशी पिशवी भरून ओसरीवर येऊन बसली, पण किल्ली कमरेला होती. सून माहेरी गेलेली, मुलगा किल्लीला शिवायचा नाही आणि त्या वरच्या गल्लीत मावशीनं भांडण झाल्यापासून पाऊल टाकलेलं नव्हतं. त्या दिवशी अण्णा आधी रानात गेला, ऊन वर आल्यावर आला. पहिली गाडी निघून गेली होती. दुसरी मिळाली. मावशी भूमला पोचली तेव्हा लेकीला घेऊन लोक निघाले होते. तोंड बघायला मिळालं, एवढंच.

ही गोष्ट ताई पुढं प्रत्येक बैठकीत सांगायला लागल्या. भूमला सांगितली, अणदूरला खंडोबाच्या देवळाच्या पारावर सांगितली, पुण्याच्या पाहुण्यांना तर दरवेळी. एका बाईनं शत्रूच्या गल्लीला पाणी मिळावं म्हणून लेकीला जाणारी गाडी सोडली, यापेक्षा मोठा विश्वास कोणता, असं त्या म्हणायच्या. बायका डोळे पुसायच्या. ताईंना बरं नसलं की तीच गोष्ट मीही सांगायचे. मावशीला विचारावं, तुमचं दुःख गावोगाव न्यावं का, हे आम्हा शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात वरच्या गल्लीच्या मोटारखोलीतून तांब्याची केबल चोरीला गेली. कुलूप जसंच्या तसं. झालं, वरची गल्ली सगळी मावशीच्या दारात. किल्ली एकच, ती हिच्याकडे, मग केबल कुणी नेली? कुणी मुलाचं नाव घेतलं, कुणी म्हणालं म्हातारीनंच विकली असंल. अण्णा मागं उभा होता, तोंडातून शब्द काढत नव्हता. मला त्याचा फार राग आला. तो ओसरीवरचा चहा कुठं गेला, असं त्याला विचारावंसं वाटलं. मावशी कमरेला हात लावून उभी होती आणि एकच म्हणत होती, "पाण्याच्या येळंबिगर माझ्याकडनं हलली न्हाय. रातच्याला बी हलली न्हाय."

ऑफिसात परतल्यावर चाचा म्हणाले, पोलिसात जाऊ, पंचनामा होऊ दे, बिचारीचं नाव मोकळं होईल. ताईंनी उठून टेबलाचा खण उघडला आणि एक किल्ली काढून आमच्यासमोर ठेवली. वरच्या गल्लीची. आडात किल्ल्या टाकायच्या आधीच त्यांनी ही बाजूला काढली होती.

मला आधी समजेचना. समजलं तेव्हा मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ताईंनी ऐकून घेतलं. भूकंपाच्या पहाटे त्यांची आई घरात होती, दाराला आतून कुलूप लावून झोपायची तिला सवय होती. दार तसं उभं होतं, भिंती आत पडत होत्या, दोन्हीकडून उघडणाऱ्या त्या कुलपाची दुसरी किल्ली बाहेर कुणाकडे नव्हती. "एकाच किल्लीचं कुलूप माझ्या डोळ्यांना सोसत नाही," त्या म्हणाल्या. "कुणी मेलं-बिलं तर गल्ली पाण्यावाचून राहील, एवढंच मनात होतं. वापरायची नव्हतीच. आणि एकदा टाकल्याचं नाटक केल्यावर सांगणार कसं?" त्यांच्यावर विश्वास बसत होता, हेच मला जास्त लागलं. लबाड माणूस असतं तर एक दिवस शिव्या देऊन मोकळी झाले असते.

चाचा म्हणाले, "ताई, आता बोलावं लागतंय. तुम्ही गप राहिलात तर म्हातारी चोर ठरती. बोललात तर आपलं दुकान बंद होतं. मग होऊ द्या बंद." अशी किल्लीची व्यवस्था आम्ही इतर गावांतही लावली होती आणि एका ठिकाणी खोटं निघालं की सगळीकडे ढासळणार, हे तिघांनाही कळत होतं. ताई दोन दिवस ऑफिसातून घरी गेल्या नाहीत. चाचा डबा आणून ठेवायचे, तो तसाच परत जायचा. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. माणसांना बोलतं करणारी संस्था आणि आत ही कळा.

शेवटी ताई म्हणाल्या, चला. मारुतीसमोर दोन्ही गल्ल्या जमल्या. ताईंनी उभं राहून दुसरी किल्ली दाखवली आणि सरळ सांगून टाकलं: मावशीवर आळ घेऊ नका, किल्ल्या दोन होत्या, एक माझ्याकडे होती, मी तुम्हाला फसवलं. कुणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. वरच्या गल्लीतला एक म्हातारा उठला, धोतर झटकलं आणि घरी गेला. मग एकेक करून बरेच उठले. केबल कुणी नेली ते आजही कळलेलं नाही, मागचा पत्रा उचकटला असावा असं आता म्हणतात.

मावशी बसून राहिली होती. मला वाटलं, आता तिला सुटल्यासारखं वाटत असेल. नाव मोकळं झालं होतं. मुलगा तिला उठवायला आला तर तिनं त्याचा हात बाजूला केला.

"ही किल्ली तुमच्यापाशी कवापासनं हाय?" तिनं विचारलं.

"पहिल्यापासून," ताई म्हणाल्या.

"माझी लेक गेली तवा व्हती?"

"होती."

मावशीनं ताईंच्या पायांकडे बघितलं. "त्या पहाटं म्या तुम्हाला फोन लावला व्हता," ती म्हणाली. "ईचारलं, किल्लीचं काय करू. तुम्ही म्हणलात, मावशी, जरा थांबा, अण्णा येईलच."

गावोगाव सांगितलेल्या त्या गोष्टीत हा फोन कधीच नव्हता. मी ताईंकडे पाहिलं. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. चाचांनी टोपी काढून हातात घेतली. मागं उभा असलेला अण्णा पहिल्यांदाच पुढं आला आणि मावशीच्या शेजारी खाली बसला.

मावशीनं कमरेची पिशवी सोडली, किल्ली काढली आणि मुठीत धरली. ताई ती घ्यायला खाली वाकल्या आणि त्यांनी हात पुढं केला. मावशीनं मूठ उघडली नाही.

"मागा की," ती म्हणाली. "मागितल्याबिगर म्या कुणाला देत न्हाय. तुमचाच नियम हाय."

ताई तशाच वाकून उभ्या होत्या.

"किल्ली द्या, मावशी."

मावशीनं ती त्यांच्या हातावर ठेवली आणि मुलाचा खांदा धरून उठली. त्या दिवशी वरच्या गल्लीत पाणी आलं नाही, आणि ते मागायला कुणी आमच्याकडे आलंही नाही.