जुनेर मागणाऱ्या गार्डीणबाई

गार्डीणबाई द्यायला यायच्या आणि आल्या आल्या आधी मागायच्या. दारात पाऊल पडलं की, "बाय, पाणी दे गो," आणि पाणी पिऊन झालं की, "ठेचा उरलाय का कालचा?" ज्या घरात दुपारच्या भाकरीची भ्रांत, तिथंही मागायच्या. धर्म वेगळा म्हणून त्यांना भांड्याला तोंड लावू द्यायचं नाही, वरून ओंजळीत धार सोडायची, अशी तेव्हाची रीत. बाई कोपरापर्यंत भिजत आणि ओल्या हातानंच तोंड पुसत म्हणत, "लय ग्वाड हाय गो तुमच्या आडाचं!" आमच्या आडाचं पाणी मचूळ होतं हे गुरांनासुद्धा ठाऊक होतं. पण आपलं पाणी कुणी गोड म्हटलं तर राग थोडाच येतो!

बाई गोव्याच्या किरिस्ताव. नवरा निजामाच्या रेल्वेत गार्ड, बिऱ्हाड पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात. मास्तरांची ती मास्तरीण, तशी गार्डाची ती गार्डीण. खरं नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही. अंगात घोळदार झगा, पायात नवऱ्याचे जुने बूट, आणि हसणं असं की गाडीच्या शिट्टीनं न उठलेलं माणूस त्यानं उठावं. मराठी त्या बाजारात माळवं विकणाऱ्या बायांकडून शिकल्या होत्या. त्यामुळे शब्द आमचे आणि हेल गोव्याचा.

क्वार्टरांतल्या किरिस्ताव बायकांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. त्यांना धड देऊळही नव्हतं. एका खोलीत क्रूस टांगलेला, पाद्री कधीतरी गाडीनं यायचे. एरवी या बायकाच जमत, प्रार्थना म्हणत आणि मग शिवणाला बसत. आसपासच्या गावांत बाळंतिणींना कपडे आणि तूपगूळ पोचवायचं, हे त्यांचं काम. नियम मोजके. जोडीनंच जायचं. धर्माचं बोलायचं नाही. एका घरचं दुसऱ्या घरी सांगायचं नाही. हा शेवटचा नियम गार्डीणबाईंना फार जड जाई. "पोट फुगायलंय माझं," असं त्या मला वाटेत सांगत, "पण सांगणार न्हाई!"

मी त्यांच्या जोडीला लागले ती बदलीमुळं. त्यांच्या जोडीदारणीच्या नवऱ्याची बदली झाली आणि बाई आमच्या चुडाव्याला एकट्याच उतरल्या. माझा भाऊ तिथल्या स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला होता. कुंकू पुसल्यावर मी त्याच्याकडेच राहत होते. वय कोवळं होतं, पण बारशाला मागच्या रांगेत बसायचं आणि पाळण्याला हात लावायचा नाही, एवढं शहाणपण मला शिकवून झालं होतं. मी ओट्यावर दादाचं धोतर शिवत बसले होते. बाईंनी टाके पाहिले आणि म्हणाल्या, "चल."

दादा घाबरला. "बाटवतील हिला," म्हणाला.

"आवो दादा, मी लेकरांना टोपडी घालायलेय, क्रूस न्हाई!" बाई म्हणाल्या आणि अशा हसल्या की दादाचा विरोध तिथंच विरघळला.

त्या थंडीत मंडळानं झालर लावलेले पांढरेशुभ्र झगे शिवले होते, बाळांसाठी. क्वार्टरांतल्या बायकांनी डोळे फोडून ती झालर विणलेली. घरोघरी झगे दिले, पण एकाही बाळाच्या अंगावर दिसेनात. एके सकाळी आम्ही गावाबाहेर धनगरांच्या वस्तीवर गेलो, तर समोरून एक करडू उड्या मारत आलं. अंगात झालरीचा झगा! मागून दुसरं आलं, त्याच्याही अंगात तोच. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

वस्तीवरची सखूआजी पुढं आली. "रागावू नका बाई. पाचवी-बारसं होईस्तोवर लेकराला कोरं कापड घालत न्हाईत आमी. दिष्ट लागती. पर तुमी येवढं जीव लावून शिवलं, टाकावं तरी कसं? करडं थंडीनं काकडायली व्हती."

बाई मटकन खालीच बसल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. एका करडाला मांडीवर घेऊन त्यांनी त्याची झालर सारखी केली आणि विचारलं, "मग लेकराला काय घालता?"

"जुनेर. नातवंडं-पतवंडं बघितलेल्या बाईचं वापरून मऊ झालेलं लुगडं. तिचं आयुष्य लेकराला लागतं."

"मग आजी, तुझं दे गो एक!"

सखूआजी बघतच राहिली. क्वार्टरातल्या बाईनं आपल्याकडं कापड मागावं! तिनं गाठोडं सोडलं आणि हिरवं, विरलेलं, लोण्यासारखं लुगडं काढून दिलं. त्या दिवशी आजी वस्तीभर मान ताठ करून हिंडली.

मंडळात यावरून भांडण झालं. दानात जुनं कापड द्यायचं म्हणजे गरिबाचा अपमान, असं काही बायकांचं म्हणणं. गार्डीणबाई म्हणाल्या, "अपमान तर आपण केला, न विचारता शिवून." मग काय, बाई गावोगाव म्हाताऱ्यांकडं लुगडी मागत सुटल्या. लुगडी उकळून, वाळवून माझ्याकडं येत आणि मी त्यांच्या कुंच्या शिवी. डोक्यावरून पाठीवर उतरणारी, बाळाला ऊब देणारी कुंची. ज्यांना आजवर फक्त घ्यायचं माहीत होतं त्या आज्या आता देणाऱ्या झाल्या.

खोट एकच होती, आणि ती मी होते. "शिवली कुणी?" असं कुणी विचारलं की बाई मोठ्यानं सांगत, "हिनं!" माझ्या कपाळाकडं बघून काही घरांतून कुंची परत येई. मी हात जोडले, म्हटलं, तुमचं नाव सांगा ना. "देवानं जीभ जेवायला दिली गो, खोटं बोलायला न्हाई." मला त्यांचा राग यायचा. पण कुंच्या शिवताना मी त्या न पाहिलेल्या बाळांशी बोलत असे, आणि एक तरी लेकरू माझ्या हातानं सजावं, असं मनापासून वाटे.

पुढं वहिनीला मुलगा झाला. आधीचं मूल दगावलेलं, म्हणून तिची आई पालमहून येऊन राहिली होती; त्यांना आम्ही मावशी म्हणायचो. पालमच्या मावशींनी मला बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडू दिला नाही. सखूआजीच्या लुगड्याची कुंची मी मुद्दाम याच बाळासाठी राखली होती. बाईंनी ती वहिनीच्या पुढं ठेवली.

"कुणी शिवली?" मावशींनी विचारलं.

"हिनं."

मावशींनी कुंची बाजूला सारली. "एक गेलंय आमचं. आता हा पांढऱ्या कपाळाचा हात नको बाई."

गार्डीणबाई त्या दिवशी हसल्या नाहीत. खाली बसून हळूच म्हणाल्या, "मावशी, माझी कूस उजवली न्हाई. एकदा बी न्हाई. ह्या गावात किती लेकरांना मी न्हाऊ घातलं, कपडे घातले. एकाला तरी बाधलं का?"

बाईंची मुलं कुठंतरी बोर्डिंगात शिकत असतील, असंच आम्ही सारे धरून चाललो होतो. मीही. इतक्या वाटा बरोबर तुडवल्या, आणि हे त्यांनी मला कधी कळू दिलं नव्हतं.

वहिनीनं पडल्या पडल्या कुंची उचलली. "वन्सं," ती म्हणाली, "आत या. तुमीच घाला."

कुंचीचा बंद मला काही केल्या बांधता येईना, शेवटी बाईंना मदत करावी लागली. भाच्यानं जांभई दिली आणि माझं बोट धरलं. मी रडले. अगदी पोटभर रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

निजामाचं राज्य गेलं त्याच सुमारास गार्डसाहेब पेन्शनीत निघाले. क्वार्टरांतली बाकीची कुटुंबंही पांगली, मंडळ मोडलं. बाई गोव्याला निघाल्या तेव्हा त्यांची गाडी चुडाव्याला थांबली आणि फलाटावर ही गर्दी! कुणी ठेचा आणला, कुणी तिळाचे लाडू. बाई खिडकीतून हात काढून मागून मागून घेत होत्या.

गाडी सुटायच्या बेताला पालमच्या मावशी गर्दीतून वाट काढत आल्या. मला वाटलं, बाईंना भेटायला आल्यात. पण त्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. काखेतलं धुऊन घडी घातलेलं लुगडं त्यांनी माझ्या हातांवर ठेवलं.

"माझं जुनेर हाय," त्या म्हणाल्या. "धाकट्या लेकीचे दिवस भरत आलेत. कुंची तुमीच शिवा. आन् घालायला बी तुमीच या."

मी वर पाहिलं. बाईंनी सगळं ऐकलं होतं. खिडकीच्या गजाला कपाळ टेकून त्या रडत होत्या आणि मला हात करत होत्या. गाडी हलली. मला काही हात हलवता आला नाही. माझ्या दोन्ही हातांत ते लुगडं होतं.