चंपीचे कान

थाळी त्यांनी घरूनच आणली होती. पितळेची, परातीएवढी. चंपीचे आजोबा, आप्पा तांबट, माझ्या टेबलासमोर उभे राहिले, नातीच्या कानामागे थाळी धरली आणि लाकडी दांड्यानं असा दणका दिला की आमचे कंपाउंडर करीमभाई यांच्या हातातलं मिक्श्चर अर्धं जमिनीवर सांडलं. बाहेर बांधलेलं कुणाचं तरी घोडं दावं तोडून पळालं. चंपी मात्र आपल्या आईच्या, काशीच्या, मांडीवर बसून पायाचा अंगठा तोंडात घालण्याच्या खटपटीत होती. तिनं मानही वळवली नाही.

"बघा," आप्पा म्हणाले. "ठार बहिरी हाय. आन् तोंडातनं एक आवाज न्हाई."

ही गोष्ट हुमनाबादची. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी गुलबर्ग्याची. हैदराबादेत डॉक्टर झाले आणि या दवाखान्यात आले. बोर्डावरचं उर्दू पुसून इंग्रजी लिहिलं गेलं होतं, पण बाईमाणूस डॉक्टर म्हणून खुर्चीत बसलेलं बघायची गावाला सवय व्हायची होती. लोक आधी करीमभाईंना आजार सांगत, मग मला.

आप्पा औषध मागायला आलेच नव्हते. इलाज त्यांचा ठरलेला होता. अमावस्येला तांबटांचं काम बंद असतं. त्या दिवशी सळई लाल करायची आणि पोरीच्या दोन्ही कानांमागे डाग द्यायचा. त्यांच्या घरात पोटदुखीला डाग, मुडदुसाला डाग, म्हशीलाही डाग. काशीनं रडून हट्ट धरला म्हणून आधी दवाखाना, इतकंच. नवरा तांब्याचे पत्रे आणायला सोलापूरला गेलेला, त्यामुळे घरात आप्पांचा शब्द शेवटचा.

"ती ऐकती, बाई," काशी खाली बघत म्हणाली. "आन् बोलती बी. पहाटं, हातोडे सुरू व्हायच्या आधी."

"आं?" आप्पा म्हणाले.

काशीनं परत सांगितलं. आप्पांनी परत "आं?" केलं. बायकांचं बोलणं दुसऱ्यांदाही न ऐकण्याची पुरुषांना सवयच असते, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

इथं थोडं शास्त्र सांगते. तान्ही मुलं आधी नुसते 'ऊं', 'आ' असे आवाज काढतात. बहिरं मूलही काढतं, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास मूल 'बाबाबा', 'दादादा' अशी माळ लावू लागतं. त्याला अर्थ नसतो, पण ती बोलण्याची तालीम असते. मूल स्वतःचा आवाज ऐकतं, दुसऱ्यांचा ऐकतं, आणि परत करून बघतं. ऐकूच येत नसेल तर ही तालीम सुरू होत नाही. चंपी रांगायला लागली होती. ती खरंच गप्प असेल तर काळजीचं कारण होतं.

मी कान तपासले. पू नव्हता, पडदे छान होते. मग ट्यूनिंग फोर्क काढला. हा लोखंडाचा चिमटा वाजवून कानाशी धरतात आणि पेशंटला विचारतात, ऐकू येतं का. चंपीनं तो माझ्या हातातून घेतला आणि चोखायला लागली. तपासणी तिथं संपली.

मला आप्पांचा राग आला होता, पण त्यांची थाळी खोटी म्हणता येत नव्हती. मी म्हटलं, अमावस्येपर्यंत पोरीला हात लावायचा नाही, तोवर मी घरी येऊन बघते. करीमभाईंनी हे ओरडून समजावलं तेव्हा आप्पांनी मान डोलावली. सळई मात्र तापवणार, म्हणाले. तुमचं काय ते त्याच्या आधी उरका.

दुसऱ्या दिवशी मी तांबट गल्लीत गेले. गल्लीच्या तोंडाशीच माझं बोलणं बंद झालं. ओळीनं घरं, घराघरात ओसरीवर हातोडे. घागर घडवून झाली की तिच्यावर लहान लहान ठोके घालून ती मजबूत करतात, त्याला मठारणं म्हणतात. एकाच वेळी सगळी गल्ली मठारत होती. माझे दात वाजायला लागले.

त्या गल्लीत दिवसा कुणी तोंडानं बोलतच नाही. सगळा कारभार हातानं. अंगठा ओठाशी नेला की पाणी. तळहात पालथा करून हलवला की नको. मूठ कपाळाला लावली की सावकार आलाय. समोरासमोरच्या दोन बायका अशा हातवाऱ्यांनी कडाकडा भांडत होत्या, आणि तिसरी मध्ये पडून एकीचे हात धरत होती. म्हणजे तिनं तिचं तोंडच धरलं म्हणायचं.

चंपी आप्पांच्या शेजारी घोंगडीवर बसली होती. मला बघून तिनं अंगठा ओठाशी नेला.

आप्पांनी हातोडा खाली ठेवला आणि माझ्या कानात ओरडले, "बघितलंव का? हातानं बोलायली. मुकी हाय म्हणूनच की!"

मी त्यांना चहा नको म्हणून सांगत होते, तेही तळहात पालथा करून. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी हात पदराखाली घेतला.

मी चंपीच्या मागून टाळ्या वाजवल्या. खुळखुळा वाजवला. कर्कश हाकाही मारल्या. तिचं लक्ष नाही. थोड्या वेळानं ती घोंगडीवर आडवी झाली आणि त्या हातोड्यांच्या शेजारी ढाराढूर झोपली. माझा धीर सुटायला आला. एवढ्या गदारोळात जे मूल झोपतं ते बहिरं नाही तर काय?

मग मी सहज आजूबाजूला पाहिलं. समोरच्या घरातलं पोर झोपलं होतं. पलीकडच्या घरातली जुळी झोपली होती. सगळ्या गल्लीतली तान्ही मुलं त्या आवाजात पाय पसरून झोपली होती. ती सगळी तर बहिरी नव्हती.

आप्पांनी चंपीचे कान थाळीनं तपासले होते. जिच्या उशाशी जन्मल्यापासून भांडी ठोकली जातात, तिनं भांड्याच्या दणक्याला मान का वळवावी? तो आवाज तिच्यासाठी नव्हताच. तिला हवीशी वाटणारी एखादी बारीकशी चाहूल शोधायला हवी होती, आणि त्यासाठी गल्ली गप्प व्हायला हवी होती. म्हणजे अमावस्या.

अमावस्येला सकाळीच मी करीमभाईंना घेऊन पोहोचले. गल्ली शांत होती. आप्पांच्या अंगणात शेगडी पेटलेली आणि सळईचं टोक निखाऱ्यात. काशीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी मांडणी केली. काशीनं चंपीला मांडीवर घेऊन बसायचं. करीमभाईंनी समोर बसून तिचं लक्ष गुंतवायचं. मी मागून, तिला दिसणार नाही, सावली पडणार नाही अशा बेतानं, हळू आवाज करायचा. पोर वळलं तर ऐकतं.

करीमभाई सात नातवंडांचे आजोबा. त्यांनी दाढी हलवली, डोळे फिरवले, कानांमागून बोटं काढली. चंपी त्यांच्यावर इतकी खूश झाली की मागून हत्ती आला असता तरी वळली नसती. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, जरा कंटाळवाणं तोंड करा.

"कैसा, बाईसाब? इन्स्पेक्शन के दिन करतूं वैसा?"

"हौ, वैसाच," मी म्हटलं.

ते तसे बसले. चंपीला ते आवडेना. मी एक वाटी घेतली आणि तिच्या काठावरून चमचा हळूच फिरवला. काशी तिला रोज पहाटे साखरपाणी असंच ढवळून देत असे. जेमतेम ऐकू यावा एवढाच आवाज.

चंपी गर्रकन वळली. थेट वाटीकडं.

दुसऱ्या बाजूनं केलं. दुसऱ्या बाजूला वळली. कागद चुरगाळला, तिकडंही वळली. मग वाटीत साखर नाही हे बघून चिडली आणि स्पष्ट, खणखणीत सुरू झाली, "बबबबब, दादादादा, बबबा!"

काशी उठली. तिनं कुणालाच काही विचारलं नाही. घागर उचलली आणि सगळं पाणी शेगडीवर ओतलं. राखेचा लोट उठला आणि करीमभाई डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले. आप्पा हे सगळं हातभर अंतरावरून बघत होते.

"पानी कामून वतलीस?" ते म्हणाले. "बाईंनी अजून वाजवलं बी न्हाई की."

मी आणि करीमभाईंनी एकमेकांकडं पाहिलं. मी वाटी घेऊन आप्पांच्या मागं गेले. चमचा फिरवला. काही नाही. कागद चुरगाळला. काही नाही. मी त्यांच्या नावानं हाक मारली, तरी ते शांतपणे विझलेल्या शेगडीकडं बघत होते.

सगळा जन्म हातोड्याखाली काढलेला माणूस. कान केव्हा गेले ते त्यांना कळलंच नव्हतं, कारण त्या गल्लीत कानांचं कुणाला काम पडत नव्हतं. नात बहिरी नव्हती, मुकीही नव्हती. ती रोज बोलत होती.

हे त्यांना सांगायचं कसं? मी गल्लीच्या भाषेत सांगितलं. चंपीच्या कानाला बोट लावून मान डोलावली. मग त्यांच्या कानाला बोट लावलं आणि तळहात पालथा केला.

आप्पांनी आधी स्वतःच्या कानाला हात लावून बघितला. मला वाटलं, आता थाळी माझ्या डोक्यात घालतात.

"मग ती बोलती?" त्यांनी काशीला विचारलं.

काशीनं चंपीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचा राठ पंजा धरून पोरीच्या छातीवर टेकवला. चंपीचं "दादादा" चालूच होतं. आप्पांनी डोळे मिटले. भांड्याला कुठं भेग आहे, हे ते असंच तळव्यानं बघत असत.

"वाजायलंय की," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. करीमभाई उगाच अंगावरची राख झटकत बसले.

डाग टळला. चंपीला रोज काही वेळ मागच्या खोलीत नेऊन तिच्याशी तोंडानं बोलायचं, असं मी काशीला बजावलं. गल्लीतल्या पुरुषांना म्हटलं, काम करताना कानात कापूस घाला. त्यांनी हातांनी काहीतरी उत्तर दिलं. काशीनं त्याचा अर्थ मला सांगितला नाही.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत, मूल ऐकत नाही म्हणून कुणी आलं की मूल बाजूला ठेवून आधी आणणाऱ्याच्या पाठीमागं जायची आणि वाटीवर चमचा फिरवायची. पुष्कळदा केस तिथंच सुटायची.