दिनूचा पहिला नंबर आणि तात्यांची अट

इंजिन खोलून परत जोडलं की हातात एखादा नट उरतोच, असं मेकॅनिक लोक सांगतात. माझ्या हातात आजवर उरलेला नाही. किस्से मात्र उरतात. कॉटन ग्रीनच्या माझ्या गॅरेजमध्ये बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात सापडलेले स्क्रू-वॉशर पडत असतात. तसे अकरा वर्षं दिनू गावडेच्या रेसिंगचे किस्से माझ्या डोक्यात पडत राहिले. गेल्या महिन्यात तो पहिल्यांदा जिंकला आणि डबा लवंडला. आता वेचतेच आहे, तर तुम्हीही बघा.

आधी माझी ओळख सांगून टाकते, नाहीतर मध्येच विचाराल, ही बाई कोण. मी चौथी शिकलेय. आमचे हे गेले तेव्हा "गॅरेज विकून टाका" असा सल्ला द्यायला अर्धं लालबाग येऊन गेलं. सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक इंजिन खोललं. इंग्रजी मॅन्युअल डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं, एका पानाला एक आठवडा. आज सत्तरी ओलांडली तरी दिनूच्या गाडीचं इंजिन मीच बांधते. ज्याला शंका असेल त्याने यावं. चहा त्यालाही मिळेल.

दिनू लालबागच्या एका मंडळाची शववाहिनी चालवतो. म्हणजे आठवडाभर त्याच्या गाडीत बसणाऱ्याला कसलीच घाई नसते. आणि मोसमात महिन्यातून एका रविवारी हाच माणूस घाटावरच्या ट्रॅकवर हेल्मेट घालून रेसला उभा राहतो. गाडी भंगारातून उचललेली, छोट्या गटातली. मंडळाच्या शववाहिनीचा रंग उरला होता, तोच तिला मारला. पांढरी, बाजूने निळा पट्टा. पहिल्याच वर्षी एका ड्रायव्हरने ही गाडी आरशात बघितली आणि सवयीने हात छातीशी नेला. तेवढ्यात दिनू पुढे निघून गेला.

त्या वर्षीचं ते एकमेव ओव्हरटेक.

* * *

दिनू लोकांना इतका आवडतो त्याला कारण आहे. शववाहिनी गल्लीतून निघायच्या आधी तो घरच्यांना हळूच विचारतो, "कुठे थांबायचं?" गेलेला माणूस रोज जिथे बसायचा, तिथे दोन मिनिटं गाडी थांबवतो. कोणाचं चहाचं दुकान, कोणाची व्यायामशाळा, कोणाचा नाक्यावरचा कठडा. मागून हॉर्न वाजला की गाडी कडेला घेऊन वाट देतो आणि खिडकीतून हात काढून "जा बाबा" म्हणतो.

ही सवय रेसमध्ये आली आणि आमचं वाटोळं झालं.

पुण्याचा करण नावाचा एक मुलगा त्याच गटात चालवतो. सहा वर्षांपूर्वी दिनू त्याच्या पुढे होता, दोन लॅप बाकी. करणने मागून दिवे मारले. आमच्या दिनूने डावीकडे घेतली, खिडकीतून हात काढला आणि त्याला जाऊ दिलं. दुसरा आला.

मी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, पाना घेऊन उभीच होते. "दिन्या, साइड दिलीस?"

हेल्मेट काढून, घाम पुसून, अगदी शांतपणे म्हणाला, "त्याला घाई होती, काकी."

* * *

याच करणचा फॅनबेल्ट एकदा रेसच्या तासभर आधी तुटला. त्यांच्याकडे दुसरा नव्हता. दिनूने आमचा जादाचा काढून दिला, वर बसवायला मदत केली. करण पहिला आला, दिनू दुसरा.

मी बक्षीस समारंभाच्या आधी करणच्या गाडीपाशी गेले, बॉनेट उघडलं आणि बेल्ट काढून घेतला. बेल्ट गरम होता, बोटं भाजली, पण काढला.

करण धावत आला. "मॅडम, गाडी ट्रेलरपर्यंत कशी नेऊ?"

"ढकल," म्हटलं. "घाई नसेल तर."

ढकलायला दिनू गेला, ते वेगळंच.

* * *

त्या करणच्या टीममध्ये लॅपटॉपवाला एक इंजिनियर आहे. पहिल्या भेटीत त्याने आमच्या कांबळेंना विचारलं, "सर, तुमचं इंजिन कोण ट्यून करतं?" कांबळे म्हणजे आमचे इलेक्ट्रिशियन, माझगावला डॉकमध्ये जन्म गेला, आता रिटायर. रेसची वेळ घ्यायचं घड्याळ आणि वायरिंग त्यांच्याकडे. कांबळेंनी माझ्याकडे बोट दाखवलं. पोरगा हसला आणि परत कांबळेंशीच बोलायला लागला.

मी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक त्यांच्या चालू इंजिनला लावलं, मूठ कानाला. "तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह बोलतोय," म्हटलं. "दोन लॅप जाईल."

"मॅडम, डेटा तर एकदम ओके दाखवतोय."

"मग डेटा चालवा."

गाडी दुसऱ्या लॅपला बंद पडली. संध्याकाळी तो पोरगा आमच्या तंबूत आला, खाली मान घालून. कांबळेंनी त्याला बसायला स्टूल दिलं आणि म्हणाले, "आता विचार. यावेळी बाईंना विचार."

त्या दिवशी तरी दिनू जिंकायला हवा होता, नाही का? त्या दिवशी ट्रॅकवर कुत्रं आलं. सगळे चुकवून गेले. आमचा थांबला.

* * *

सगळा दोष दिनूच्या माथी मारू नये म्हणून माझाही एक सांगते. ट्रॅकवर ड्रायव्हरला निरोप द्यायचा तर पाटी धरतात. कठड्यापाशी उभं राहायचं, गाडी समोरून जाताना पाटीवर कितवा नंबर आणि किती लॅप बाकी ते दाखवायचं. दोन आकडे, संपलं.

आकड्यांनी माझं समाधान होत नाही. एका रेसला मी खडूने लिहिलं: "करण ब्रेक उशिरा मारतो. तिसऱ्या वळणावर आतून घाल. हात बाहेर काढलास तर तोडीन. पाणी पीत जा."

दिनू समोरून आला आणि पाटी दिसल्यावर हळू झाला. दोन गाड्या त्याला ओलांडून गेल्या.

"हळू का झालास?" मी नंतर विचारलं.

"काकी, शेवटची ओळ वाचायची राहिली होती."

त्या दिवसापासून कांबळेंनी खडू स्वतःच्या खिशात ठेवायला सुरुवात केली.

* * *

आता तात्यांकडे यावं लागेल, कारण खरा घोळ तिथे आहे.

तात्या म्हणजे दिनूच्या बायकोचे, वैशालीचे आजोबा. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते, आता नव्वदीच्या पुढे, मालवणीशिवाय बोलत नाहीत, आणि दिवसभर चाळीखालच्या बाकावर बसलेले असतात. नऊ वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हा त्यांनी दिनूला समोर बसवून अट घातली. "तू गाडी चालवतंस, बरां आसा. पण माका न्हेताना पयल्या नंबराचो ड्रायव्हर व्हयो. तू पयलो येयसर मी तुझ्या गाडयेत बसूचंय नाय."

दिनू पहिला येईपर्यंत शववाहिनीत बसणार नाही, हे ऐकून सगळे हसले. पण नऊ वर्षांत तात्या दोनदा हॉस्पिटलात गेले, दोन्ही वेळा डॉक्टरांनी घरच्यांना बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं, आणि दोन्ही वेळा तात्यांनी डोळे उघडून एकच विचारलं, "दिनूचो नंबर कितवो?"

"दुसरा."

"मगे चला घराक."

तेव्हापासून चाळीत पद्धतच पडली. दिनू हरून आला की लोक त्याचं सांत्वन करत नाहीत. तात्यांपाशी जाऊन त्यांच्याशी हात मिळवतात.

* * *

रेसला निघायच्या सकाळी आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. गाडीसमोर नारळ, तात्या उभे राहून देवाला सांगणार, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कोकणातला रिवाज, गॅरेजच्या दारात.

तात्या म्हणायचे, "बा देवा म्हाराजा, ह्यां तुझां लेकरू गाडी घेवन जाता हा, त्याका हातापायान धड परत हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

संपलं. नारळ फुटायचा.

कित्येक वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. एकदा कांबळे गाडीत बसता बसता थबकले. ते स्वतः नारळ फोडत नाहीत, हात जोडत नाहीत, पण गाऱ्हाण्यातला शब्द न् शब्द ऐकतात. "तात्या, तुम्ही सुखरूप आण म्हणता. जिंकू दे असं कधीच म्हणत नाही."

तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "घाई काय आसा?"

* * *

मागच्या वर्षी दिनूची गाडी उलटली. गळ्याजवळचं हाड मोडलं. दीड महिना शववाहिनी दुसऱ्याने चालवली आणि लोकांच्या तक्रारी आल्या की गाडी फार जोरात नेतो, माणसाला नीट निरोप देता येत नाही.

वैशाली परळला एका लॅबमध्ये कामाला आहे. कमी बोलते. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर तिने दिनूला माझ्यासमोर सांगितलं, "अहो, पुढचा एक मोसम. जिंका नाहीतर हरा, त्यानंतर गाडी विकायची. मला तुम्हाला कोणाच्यातरी गाडीत घालून आणायचं नाही."

दिनू "बरं" म्हणाला.  

त्या मोसमात सहा रेस होत्या. पाच झाल्या. दोनदा गाडी बंद पडली, तीनदा दुसरा. दिनू गॅरेजमध्ये यायचा आणि गाडीला नुसताच हात लावून बसायचा. अँटॉप हिलचं एक गिऱ्हाईक गाडी बघून, टायर चाचपून गेलं. सहाव्या रेसच्या दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होतं.

शेवटच्या सकाळी गाऱ्हाण्याला सगळे जमले. तात्यांनी नेहमीचं सुरू केलं, "हातापायान धड परत हाड रे म्हाराजा," आणि थांबले.

वैशाली पुढे आली. "तात्या, आज नीट मागा."

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. मग दिनूकडे. मग बराच वेळ गाडीकडे. घसा खाकरून म्हणाले, "आणि आज त्याका पयलो हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा" म्हणायला नेहमीपेक्षा जरा वेळ लागला. सगळ्यात मोठ्याने कांबळे म्हणाले.

* * *

रेस आठ लॅपची. दिनू तिसरा सुटला. चौथ्या लॅपला दुसरा झाला, सहाव्याला तिसऱ्या वळणावर आतून घालून करणला मागे टाकलं. कांबळेंनी खिशातला खडू माझ्या हातात दिला. मी पाटीवर एकच शब्द लिहिला: "जा."

शेवटच्या लॅपला करण अगदी मागे चिकटला आणि दिवे मारायला लागला. दिनूची डावी बाजू मोकळी. मी कठड्यावरून बघत होते. खिडकीपाशी हात हलला.

कांबळेंनी डोळे मिटले. हातातलं घड्याळ बंद करायचंही विसरले, त्यामुळे त्या रेसची वेळ आमच्याकडे नाही.

हात हलला आणि परत स्टेअरिंगवर गेला. दिनू एका गाडीच्या अंतराने पहिला आला.

जिंकणाऱ्याने सावकाश एक फेरी मारून परत यायचं असतं. दिनूने ती अशी मारली की विचारू नका. प्रत्येक झेंडेवाल्यापाशी थांबला, हात जोडले, दोन मिनिटं उभा राहिला, मग पुढे. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे घड्याळ बघत बसले.

पिटमध्ये आल्यावर मी विचारलं, "आज साइड दिली नाहीस? करणला घाई नव्हती वाटतं?"

"होती की," दिनू म्हणाला. "पण आज मलाही होती, काकी."

मी पाना खाली ठेवला आणि गाडीमागे गेले. डोळ्यात ग्रीस गेलं होतं.

* * *

संध्याकाळी लालबागला पोहोचलो तर चाळीखाली बँजो पार्टी तयार, रांगोळी काढलेली, वरून फुलं. दिनूने कोणाचे हार घेतले नाहीत. सरळ बाकापाशी गेला, वाकला आणि कप तात्यांच्या मांडीवर ठेवला.

बँजो थांबला. का थांबला ते कोणी सांगितलं नाही, पण सगळी चाळ कपाकडे न बघता तात्यांकडे बघत होती. दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी म्हणालं, "तात्यानू, आता?" आणि त्याच्या बायकोने त्याला आत ओढलं.

तात्यांनी चष्मा पुसला. कप फिरवून फिरवून बघितला. मग म्हणाले, "काकी, ह्येच्यार इंग्रजीत काय लिवलांहा? सगळां वाच. काय गाळू नको."

मी इंग्रजी कष्टाने शिकलेय. वाचायला घेतलं की एक अक्षर गाळत नाही. "विनर," वाचलं. "चौदाशे सीसीपर्यंतचा गट."

"गट म्हंजे?"

"छोट्या गाड्यांचा. मोठ्या गाड्यांची रेस वेगळी असते, दुपारची."

"त्येत दिनू नाय?"

"नाही."

तात्यांनी कप मांडीवरून उचलला आणि दिनूच्या हातात परत दिला. "मगे ह्यो पयलो नाय. माजी अट तशीच आसा."

दिनूने वैशालीकडे बघितलं. वैशाली तात्यांकडे बघत होती. तात्या समोरच्या टॉवरकडे, जिथे पूर्वी त्यांच्या गिरणीचं गेट होतं, तिथे बघत होते, जसं काही झालंच नाही.

वैशाली माझ्याजवळ आली. ओढणी नीट केली. हळू आवाजात विचारलं, "काकी, त्या अँटॉप हिलवाल्याला उद्या नको सांगाल का? आणि मोठ्या गटाचं इंजिन बांधायला किती दिवस लागतात?"

"मनावर घेतलं तर चार महिने."

बाकावरून आवाज आला. तात्यांना ऐकू कमी येतं, असं आम्ही सगळे समजत होतो.

"घाई करू नको गो, बाये."