टेनरचा गळा

"गाठ कॅन्सरची आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि लगेच माझ्या बायकोकडे, शीलाकडे, वळून तेच कन्नडमध्ये म्हणाल्या. शीलाला दोन्ही भाषा येतात. हे वाक्य दोनदा ऐकायची शिक्षा तिला उगाचच झाली.

बायॉप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट टेबलावर होता. स्क्वेमस सेल कार्सिनोमा. घशाच्या आतल्या अस्तरातल्या पेशींचा कॅन्सर. माझा नेमका स्वरयंत्रात. मी सिगारेट ओढलेली नाही, तंबाखू तर आमच्या घरात कोणी हातातही धरलेली नाही. "मग मलाच का?" मी विचारलं. माझा आवाज तेव्हा पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येत होता.

"सर, प्रत्येक वेळी कारण सापडतंच असं नाही."

मला हे उत्तर तेव्हा आवडलं नाही. आजही आवडलेलं नाही.

मी धारवाडला सप्तापुरात राहतो आणि एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करतो. पण मला कोणी विचारलं तर मी आधी सांगायचो की मी चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, टेनर आहे. टेनर म्हणजे पुरुषांच्या आवाजातली वरची पट्टी. गाण्याची मुख्य चाल बायका म्हणतात, टेनर तिच्याखालून आपली वेगळी चाल चालवतो. ऐकणाऱ्याला ती वेगळी ओळखू येत नाही, पण काढून टाकली तर गाणं पोकळ वाटतं.

आता दुखणं ओळखण्यात चूक कशी झाली ते सांगतो, कारण हे लिहिण्याचं अर्धं कारण तेच आहे. डिसेंबरात आमची मंडळी घरोघरी जाऊन नाताळची गाणी म्हणतात. थंडीत, उघड्या अंगणात, एकापाठोपाठ एक घरं. नाताळ येईपर्यंत सगळ्या क्वायरचे घसे बसलेले असतात आणि आम्हाला त्याचं भारी कौतुक. ज्याचा घसा बसला नाही त्यानं नुसतं तोंड हलवलं आणि केक हाणला, असं आम्ही त्याला जानेवारीभर चिडवतो. तेव्हा माझा घसा बसला, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मिरीचा कषाय, म्हणजे काढा, प्यायलो आणि मिरवलो. बाकीच्यांचे घसे सुटले, माझा सुटला नाही. मी सगळ्यांत जास्त गायलो, असा त्याचा अर्थ आम्ही सगळ्यांनी मिळून काढला.

"बघा की, आता तरी दाखवा की घसा कोणाला," शीला म्हणायची. तिकडे आमचे क्वायरमास्तर सॅम्युअल अण्णा खूश. "दनी छोलो आगेद्!" आवाज छान झालाय म्हणे. मला खरंही वाटलं, आणि त्याला एक कॅसेट जबाबदार आहे.

मी कॉलेजात असताना सुभाष रोडवर एक दुकान होतं. कोरी कॅसेट द्यायची, हवी ती गाणी सांगायची, दुकानदार भरून द्यायचा. मला पॉप गाणी हवी होती. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, अट घातली की एक बाजू तुझी, दुसरी बाजू देवाची. माझ्या बाजूला एक हिंदी पॉप गाणारी बाई होती. तिचा आवाज खरबरीत, बसका, नुकतीच झोपेतून उठल्यासारखा. त्या काळात गाणाऱ्या बाईचा आवाज मधासारखा असावा असं सगळे धरून चालायचे, आणि ही आपली खुशाल घोगऱ्या आवाजात भांडल्यासारखी गायची. मी तिच्यावर फिदा होतो. एक इंग्रजी गाणारा होता, तो वरच्या सुरावर पोचला की त्याचा आवाज किंचित फाटायचा. त्यानं तो फाटका सूर तसाच ठेवला, पुन्हा गाऊन दुरुस्त केला नाही, म्हणून तो मला प्रामाणिक वाटायचा.

देवाच्या बाजूला एक परदेशी बाई होती, जाडजूड असणार असं आवाजावरून वाटायचं. ती ओळ सुरू करण्याआधी एवढा मोठा श्वास घ्यायची की तो कॅसेटमध्येही ऐकू यायचा. आणि एक आपल्याकडचे पास्टर होते, पेटी-तबल्यावर मराठी भजनं गाणारे. सुरात कमी, पण शब्दांवर असा विश्वास की ऐकणाऱ्यालाच आपला सूर चुकतोय असं वाटावं. या चौघांची नावं मी लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक गाणं बाजूला ठेवून गायकावर वाद घालत बसतात.

तर आवाज घोगरा झाला तेव्हा मला वाटलं, इतक्या वर्षांनी त्या पॉपवालीचं काहीतरी माझ्या गळ्यात उतरलं. ईस्टरला अण्णांनी मला एकट्यालाच एक कडवं दिलं. लोक रडले. मी धन्य झालो. गाठ तेव्हा आत वाढत होती.

पावसाळ्यात जिना चढताना धाप लागायला लागली आणि शीलानं मला धरूनच हुबळीला नेलं. नाकातून बारीक दुर्बीण आत घातली, मग बायॉप्सी, मग सीटी स्कॅन. सीटी स्कॅनच्या बाहेर बाकड्यावर बसलो होतो. शेजारी गोकुळ रोडच्या कारखान्यातला एक कामगार होता, त्याच्या जिभेवर जखम.

मी इंटरनेटवर वाचून गेलो होतो की नुसत्या रेडिएशननं, म्हणजे किरणांच्या उपचारानं, आवाज वाचू शकतो. मी तोच हट्ट धरला. डॉक्टरांनी स्कॅन उजेडापुढे धरला. "लवकर आला असतात तर तेच केलं असतं. आता गाठ स्वरयंत्राच्या कूर्चेत, मऊ हाडात, शिरलीय. टोटल लॅरिंजेक्टॉमी करावी लागेल."

म्हणजे स्वरयंत्र संपूर्ण काढायचं. श्वासनलिका गळ्याच्या पुढच्या भागाला आणून शिवायची, तिथे कायमचं एक भोक राहतं, त्याला स्टोमा म्हणतात. श्वास त्यातूनच. तोंडाचा आणि श्वासाचा संबंध संपला.

"मी गातो हो," मी म्हणालो.

"मोदल जीव, आमेल हाडु," त्या म्हणाल्या. आधी जीव, मग गाणं. पण त्यांनाही ठाऊक होतं की 'मग' असं काही येणार नाही. घरी परतताना बसमध्ये शीला रडली. मी रडलो नाही, मला राग आला होता. अण्णांचा, त्या ईस्टरला रडलेल्या लोकांचा, आणि सगळ्यांत जास्त, सांगायला लाज वाटत नाही, देवाचा.

ऑपरेशननंतर जाग आली तेव्हा मी हाक मारली. ओठ हलले, जीभ हलली, काही झालं नाही. हे सगळे आधी समजावून सांगतात, तरी ती पहिली हाक वाया जाते. ज्यांच्यावर ही वेळ येणार आहे त्यांना एवढंच सांगतो, त्या क्षणी जवळ कोणीतरी असू द्या. शीला होती. तिनं हात धरला आणि "आहे मी" म्हणाली.

बारीकसारीक गोष्टी कोणी सांगत नाही. वास येत नाही, कारण हवा नाकातून जातच नाही. चहाचा फुरका मारता येत नाही. खोकला गळ्यातून येतो आणि समोरचा दचकतो. बोलण्यासाठी एक यंत्र मिळतं, गळ्याला लावलं की ओठांच्या हालचालीवर शब्द उमटतात. पण सूर एकच. रागावलो तरी तोच, शीलाला बरं वाटावं म्हणून काही म्हणालो तरी तोच.

वॉर्डात शीलानं इअरफोन आणले आणि मला बरं वाटेल म्हणून भजन लावलं. मी इअरफोन कानातून उपटून फेकले. पॉप गाणी मात्र ऐकू शकलो, दिवसभर ऐकली. त्याचं कारण मला तिथे पडल्या पडल्या कळलं. पॉप गाणं माझ्याकडून काही मागत नाही. तो गातो, त्याचं प्रेम मोडलंय, मी ऐकतो, संपलं. देवाचं गाणं ऐकण्यासाठी नसतंच, ते म्हणण्यासाठी असतं. दुसऱ्या ओळीला ते आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. श्वास असेपर्यंत गाईन, असं वचन देणारी किती गाणी मी म्हटली! श्वास राहील आणि गाणं जाईल, हे त्या लिहिणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

ती पॉपवाली मात्र नकोशी झाली. तिचा घोगरेपणा आता मला आजारी वाटतो. ऐकताना मी तिचा घसा तपासत बसतो. एक आवडती गोष्ट कॅन्सरनं अशीही खाल्ली.

नंतर रेडिएशन झालं. जाळीचा मुखवटा चेहऱ्यावर आवळून टेबलाला खिळवतात. गळ्याची कातडी भाजली, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "सध्या काही दिसत नाही. तपासणीला येत राहा." त्या 'सध्या'वर मी जगतो.

चर्चला मी जात नव्हतो. अण्णा घरी आले, बसले. मी यंत्रातून विचारलं, "टेनर कोण म्हणतो?" ते जमिनीकडे बघत म्हणाले, "यारू इल्ल." कोणी नाही. ते गेल्यावर शीला म्हणाली, "एक रविवार चला. नाही आवडलं तर पुन्हा म्हणणार नाही."

गेलो. मागच्या बाकावर, भिंतीकडेला बसलो. गळ्यावर रुमाल. मी वर्षानुवर्षं म्हटलेलं मराठी गीत निघालं आणि मला उठून जावंसं वाटलं. समोर क्वायर गात होती आणि मला त्यात फक्त ती पोकळी ऐकू येत होती, माझ्या आवाजाएवढी. मी बाकाची कड धरली.

तेवढ्यात शेजारून कोणीतरी चुकीची चाल म्हणायला लागलं. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून बघितलं. शीला गात होती. ती चर्चमध्ये कधी गात नाही, मला येत नाही म्हणते. हळू, बिचकत, मुख्य चाल सोडून भलतंच काहीतरी. मी कान दिला. ते भलतं नव्हतं. ती टेनरची चाल होती. मी घरी न्हाणीत, स्वयंपाकघराच्या दारात, स्कूटर पुसताना जी घोकायचो तीच. त्या गाण्याची दुसरी कुठली चाल तिच्या डोक्यात बसलीच नव्हती. तिच्यासाठी ते गाणं म्हणजेच तेवढं.

दुसऱ्या कडव्याला सूर चढतो. तिथे ती अडली, खाली राहिली, आणि घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी हात उचलला आणि बोटानं दाखवलं, अजून वर. अजून.