इरम्मानं चूल बंद ठेवली ती वर्षं

अणदूरच्या पेठेत महांतप्पाचं भुसार मालाचं दुकान होतं. पण गावात त्याच्या दुकानापेक्षा त्याच्या बायकोच्या हातची चव जास्त ठाऊक होती. इरम्मानं थापलेली जोंधळ्याची भाकरी तव्यावर टम्म फुगायची, आणि तिची शेंगांची चटणी ज्यानं एकदा खाल्ली तो पुन्हा काहीतरी निमित्त काढून यायचाच.

तेव्हा अणदूर मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात होतं आणि सोलापूर इंग्रजी मुलखात. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. महांतप्पा महिन्यातून दोनदा तरी माल बघायला सोलापूरला जाई आणि शांतलिंग नावाच्या दोस्ताकडे उतरे.

पंचेचाळीस साली त्याच्या पोटदुखीनं उचल खाल्ली. वैद्य झाले, हकीम झाले. काही उतार पडेना. शेवटी सोलापुरातल्या एका निसर्गोपचारवाल्यानं सांगितलं, विस्तवाला शिवलेलं काही खायचं नाही. भिजवलेले मूग, मोड आलेली मटकी, कच्च्या शेंगा, काकडी, गाजर, करडईचा कोवळा पाला, फळं आणि धारोष्ण दूध. गूळसुद्धा बंद, कारण तो कढईत उकळलेला.

हे खाऊन महांतप्पाला खरंच बरं वाटू लागलं. पण एक दिवस तो म्हणाला, "इरे, घरात फोडणी पडली की माझा जीव राहत न्हाई. तू संगं असलीस तर जमंल मला."

लेक नुकतीच सासरी गेली होती. घरात दोघंच. इरम्मानं फार विचार केला नाही. चुलीतली राख काढली, चुलीला पोतेरं दिलं आणि तवा खुंटीला अडकवला.

सुरुवातीला तिचे जबडे ठणकायचे, पोट फुगायचं. थंडीच्या सकाळी गार मूग तोंडात घालताना अंगावर काटा यायचा. पण हात मुळातच चवीचा. ओल्या फडक्यात मटकीला मोड आणावेत, करडईच्या पाल्यात कांदा चिरून शेंगांचा कूट घालावा, वर लिंबू पिळावं, असं करत तिनं त्यातही रंगत आणली. पूर्वी ती नवऱ्याच्या मागून जेवायची. आता दोघं समोरासमोर बसून सावकाश चावत बसत. तिला ते आवडू लागलं होतं. लग्नाला इतकी वर्षं होऊन नवरा-बायको पहिल्यांदाच काहीतरी मिळून करताहेत असं तिला वाटे.

गाव आधी हसलं, मग मान देऊ लागलं. मठातल्या स्वामींनी भरल्या सभेत महांतप्पाच्या अंगावर शाल घातली. त्यानं जीभ जिंकली, असं लोक म्हणू लागले.

एकदा इरम्माची आई बेंबळीहून आली. म्हातारीनं नव्या गव्हाची हुग्गी, गूळ घातलेली खीर, करून पितळी डब्यात भरून आणली होती. महांतप्पा आदल्या दिवशीच सोलापूरहून परतला होता आणि सोप्यात बसला होता.

"अव्वा, आमी विस्तवाचं खात न्हाई," इरम्मा म्हणाली.

"एक घास खा गं. लई लांबनं आणलीया."

इरम्माचा हात पुढे झाला होता. तेवढ्यात सोप्यातून महांतप्पा बोलला, "एका घासानंबी व्रत मोडतं."

तिनं हात मागे घेतला. म्हातारीनं डबा शेजारच्या पोरांत रिकामा केला आणि ऊन उतरायच्या आत गाडीत जाऊन बसली. त्याच सालच्या हिवाळ्यात म्हातारी वारली. दिवसांच्या जेवणाला इरम्मा बाजूला बसून भिजवलेले हरभरे चावत होती. तिचा भाऊ माणिकप्पा तिच्याशी एक शब्दही बोलला नाही.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं सरहद्दीकडे निघाली. महांतप्पानंही गाडी जुंपली. सोलापुरात शांतलिंगाच्या घरी दोघांना आसरा मिळाला. शांतलिंगाची बायको नीलम्मा इरम्माला तेव्हाच पहिल्यांदा भेटली.

दुसऱ्या दिवशी दोघं पुरुष बाजारात गेले होते. इरम्मा मूग धुवत बसली होती. नीलम्मानं विचारलं, "हे कशाला भिजवताय?"

"आमचं दोघांचं जेवण."

"दोघांचं?" नीलम्मा हसली. "अवो, तुमचे महांतप्पाअण्णा तर आले की म्हणतात, वैनी, आधी तवा ठेवा. भाकरी, वांग्याची भाजी, वर लोण्याचा गोळा."

"कवापासनं?"

"पयल्यापासनंच. मधी पोट दुखायचं तवा थोडे दिस बंद हुतं." नीलम्मानं आवाज खाली घेतला. "राग मानू नका अक्का, पर तुमी हे व्रत धरायला नगं हुतं. बाप्याला घरात गरम भाकर मिळत न्हाई. अण्णा म्हणायचे, तिच्या डोक्यात भरलंय, म्या काय बोलणार?"

इरम्माचा हात मुगाच्या पाण्यातच राहिला. तिच्या डोळ्यापुढे नवरा आला नाही. दारात डबा धरून उभी राहिलेली अव्वा आली.

पुरुष परतले. नीलम्मानं ताटं मांडली. इरम्मा म्हणाली, "अक्का, मलाबी भाकर वाढा."

महांतप्पा दचकला. "इरे, व्रत?"

"कुणाचं?"

त्यानं नीलम्माकडे पाहिलं आणि काय ते समजला. इरम्मानं भाकरीचा तुकडा मोडला. पहिल्याच घासाला जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, तरी ती थांबली नाही. महांतप्पाच्या ताटात नीलम्मानं नेहमीसारखी भाकरी वाढली होती. त्याला ती खाताही येईना, सारताही येईना.

परसात तिला एकटी गाठून तो म्हणाला, "पोटाला आधार म्हणून खात हुतो गं. तू एवढी हौसेनं करायचीस, लोकांत नाव झालेलं... कसं सांगायचं?"

"खाल्लं त्याचं काय न्हाई. भाकरीच ती. पर नीलाक्काला हे व्रत माझं म्हणून का सांगितलंत?"

तो आत जायला वळला.

"अव्वा दारात उभी हुती तवा तुमी सोप्यातनं बोललात. तवा तुमच्या पोटात कुणाची भाकरी हुती?"

 उत्तराची वाट न पाहता तीच आधी आत गेली.

सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. लोक घरी परतले. इरम्मानं आल्या आल्या चूल पेटवली. लोकांनी विचारलं तेव्हा महांतप्पा सांगू लागला, "तिला सोसलं न्हाई. म्या मातर सोडलं न्हाई." शेजारणीनं ते जसंच्या तसं इरम्माच्या कानावर घातलं.

सोलापुरात झालेला घाव तिनं गिळला असता. पण परसात सारवासारव करून आलेला माणूस गावात पाय ठेवताच पुन्हा तिलाच उणी पाडतो, हे तिला गिळवेना. थोड्याच दिवसांनी मठाकडचे हणमंतप्पा आणि आणखी चौघं त्याच्या आहाराची माहिती घ्यायला आले. महांतप्पा मोड आलेल्या मटकीचे गुण सांगत होता. इरम्मा डोक्यावर पदर घेऊन आली आणि वाफाळती भाकरी, भाजी, चटणी असं ताट त्याच्यापुढं ठेवलं.

"जेवा. सोलापूरला खाता तशीच केलीया, पातळ."

 महांतप्पानं मान खाली घातली. मग त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. हणमंतप्पा "बरंय, येतो" म्हणत उठले, त्यांच्यामागून बाकीचेही.

त्यावरून त्यानं तिला कधी बोल लावला नाही. तिनंही घर सोडलं नाही. बेंबळीला जाऊन तिनं माणिकप्पाला सगळं सांगितलं. त्यानं तिला पोटाशी धरलं, आणि एवढंच म्हणाला, "अव्वाला हे कळाय पायजे हुतं."

पुढं पुष्कळ वर्षं दोघं एका घरात राहिली. तो दुकानातून येई, बाजारात मालाची धारण काय निघाली, कुणाची सोयरीक कुठं जमली ते सांगे. ती भाकरी थापत ऐके, "व्हय, व्हय" म्हणे. आणि आडावर पाण्याला गेली की तीच गोष्ट शेजारणीला पुन्हा विचारून खात्री करून घेई.